पायाला विचारून

भोपाळच्या सोनागिरीत पहाटे माणसं दिसण्याआधी त्यांची पावलं ऐकू येतात. हिवाळ्यात साडेपाचला गडद अंधार असतो. रायसेन रोडवरून जाणाऱ्या एखाद्या ट्रकची घरघर सोडली तर वस्ती गप्प असते. फाटकापाशी वाकून लेस बांधता बांधता मला कळतं कोण येतंय ते. पलीकडच्या गल्लीतल्या निवृत्त गृहस्थांची टाच आधी घासते आणि मग चवडा आपटतो. फौजेच्या भरतीची तयारी करणारी दोन मुलं पिपलानीच्या बाजूनं येतात; त्यांच्या पावलांचा आवाज जवळजवळ नसतोच, नुसता श्वास येतो. एका बाईंचा उजवा पाय डाव्यापेक्षा जरा जोरात पडतो. त्यांनी नवे बूट घेतले तेव्हा तो फरक काही दिवस नाहीसा झाला होता. बूट झिजत गेले तसा तो परत आला. त्यांना स्वतःला हे ठाऊक नसावं, मला मात्र रोज ऐकू येतं.

दर हिवाळ्यात वस्तीतलं कुणी ना कुणी धावायला लागतं आणि मला गाठतं. "दीदी, जूते कौन से लूँ?" मराठी घरातलं असलं तर, "मावशी, बूट कोणते घेऊ?" त्यांना कंपनीचं नाव हवं असतं. मी उलट विचारते, "घालून पळून पाहिलंस का? पायाला काय वाटलं?" हे उत्तर त्यांना टोलवाटोलवीचं वाटतं. माझ्या मते ते पूर्ण उत्तर आहे. ते का पूर्ण आहे, हे एकदा नीट सांगावं म्हणून हे लिहिते आहे.

आपल्याकडे पायांना मान फार आहे, पण तो दुसऱ्याच्या पायांना. वडीलधाऱ्यांच्या आपण पाया पडतो. भाद्रपदात गौरी येतात तेव्हा दारापासून घरभर रांगोळीची पावलं काढतो. मुठीची कड टेकवून तळवा, वर पाच बोटांचे ठिपके. सगळी पावलं एकसारखी, सगळ्यांची कमान रेखीव. आषाढी वारीत आळंदीहून ज्ञानोबांच्या आणि देहूहून तुकोबांच्या पादुका पालखीतून पंढरपूरला जातात आणि लाखो माणसं त्यांच्याबरोबर चालतात. इतकं असूनही स्वतःच्या पावलाकडे लक्ष जातं ते काटा रुतला किंवा नख ठेचलं तरच. पायातली वहाण पायातच बरी असं म्हणता म्हणता आपण वहाणेबरोबर पायालाही खालची पायरी देऊन टाकली. कुणालाही विचारा, तुमचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्याहून लांब आहे का, डावा पाय मोठा की उजवा. बहुतेकांना वाकून बघावं लागतं. एका पावलात 26 हाडं असतात, दोन्हींत मिळून 52. अंगातल्या 206 हाडांपैकी चौथा हिस्सा तिथं खाली, जमिनीला लागून काम करतो. धावताना प्रत्येक पाऊल टेकतं तेव्हा अंगाच्या वजनाच्या दुपटीहून जास्त भार त्याच्यावर येतो, आणि किलोमीटरला साधारण हजारेक पावलं पडतात. एवढं काम करणाऱ्या अवयवाला बूट घेताना मत विचारलं जात नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

बाबांचे पाय मला अजून डोळ्यांसमोर दिसतात. भोपाळात हेवी इलेक्ट्रिकल्सची, म्हणजे आजच्या भेलची, स्थापना 1956 साली झाली आणि 6 नोव्हेंबर 1960 ला पंडित नेहरूंनी कारखाना देशाला अर्पण केला. त्यानंतरच्या वर्षांत चहूकडून माणसं इथं आली. केरळी, बंगाली, पंजाबी आली, तशी विदर्भ-खानदेशातून आमच्यासारखी मराठी कुटुंबंही आली. पिपलानीच्या क्वार्टरांत माझं लहानपण गेलं. बाबा कारखान्यात आठ तास सिमेंटच्या जमिनीवर उभे असायचे, पायात पोलादी टोपीचे जाड बूट. जड वस्तू पडली तर बोटं वाचवणं हे त्या बुटांचं काम, आणि ते त्यांनी चोख केलं. पण बाबांचा चवडा रुंद होता आणि रुंदीचं माप देणं त्या काळी बाजाराच्या गावीही नव्हतं. संध्याकाळी आई घमेल्यात कोमट पाणी आणि मीठ घालून द्यायची, बाबा त्यात पाय सोडून बसायचे. करंगळीवर भोवरी, अंगठ्याच्या मुळाशी टणक गाठ, अंगठा शेजारच्या बोटावर कललेला. बूट लागतात, असं ते एकदाही म्हणाले नाहीत. त्या पिढीचा समजच तसा होता. जोडा चावतो तर चावू दे, घालता घालता सैल होईल. सैल झाले ते थोडे बूट; बाकी बाबांचे पायच वाकत गेले.

खरं म्हणजे रुंदी मोजायची रीत आपल्याकडे होती. अमरावतीला आजोबांच्या वहाणा करणारे कारागीर जमिनीवर कागद ठेवायचे, त्यावर आजोबांना उभं करायचे आणि पेन्सिलीनं पावलाची कड आखून घ्यायचे. बसलेल्या माणसाचं माप ते घेत नसत, कारण भार पडला की पाऊल लांबतं आणि पसरतं. दोन पायांचे दोन कागद असत, कारण दोन पाय सहसा सारखे नसतात. कोल्हापुरी वहाणेतही हेच शहाणपण आहे. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं कातडं, कातड्याच्याच वादीनं घातलेली शिवण. सुरुवातीला ती चावते, मग ज्याची वहाण त्याच्या पावलाचा ठसा तिच्यात उतरतो आणि नंतर ती दुसऱ्या कुणाच्या पायाला धड येत नाही. 2019 मध्ये महाराष्ट्रातल्या चार आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांना मिळून तिचं भौगोलिक मानांकन मिळालं. कोल्हापुरी घालून कुणी दहा किलोमीटर पळणार नाही. पण कागदावर पाऊल आखणाऱ्या त्या कारागिरानं जे पाहिलं होतं, ते आजच्या चकचकीत दुकानात पुष्कळदा पाहिलं जात नाही.

तिथं पावलाच्या जागी आकडा असतो. आपल्याकडे अजून इंग्रजी आकडा चालतो. एका मापातून दुसऱ्या मापात एक तृतीयांश इंचाचा, म्हणजे साधारण साडेआठ मिलिमीटरचा फरक. युरोपातली मापं दोन तृतीयांश सेंटिमीटरनं चढतात, आणि पुरुषांच्या बुटांचा अमेरिकी आकडा इंग्रजीच्या एक पुढे असतो. म्हणून एकाच बुटाच्या जिभेवर 8, 9 आणि 42 असे तिन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले दिसतात. तिन्ही फक्त लांबी सांगतात. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं डिसेंबर 2021 ते मार्च 2022 या काळात देशातल्या 79 ठिकाणी एक लाखाहून जास्त माणसांची पावलं त्रिमितीय यंत्रानं मोजली. त्यात दिसलं की आपलं पाऊल युरोपी-अमेरिकी पावलापेक्षा रुंद असतं. त्यावरून 'भा' या नावानं देशाची स्वतःची मापपद्धत सुचवली गेली, भारतातला 'भा'. ती बातमी वाचली तेव्हा बाबांची करंगळी आठवली. रुंद पायाच्या माणसाला रुंद बूट मिळत नाही, तेव्हा तो एक माप मोठा बूट घेतो. मग चवड्याला जागा होते, पण टाच आत वरखाली सरकते, पाऊल पुढे घसरतं, बोटं टोकावर आदळतात आणि नखं काळी पडतात. धावणाऱ्यांत काळं नख मोठ्या अभिमानानं दाखवायची पद्धत आहे. त्यात अभिमानाचं काही नाही. चुकीचा बूट घातल्याची ती खूण आहे.

लहान मुलांच्या बाबतीत मोठा बूट घेण्याचं कारण वेगळं असतं: 'वाढत्या अंगाचे घ्या.' टोकात कापूस कोंबायचा, पुढच्या वर्षी कापूस काढायचा, त्याच्या पुढच्या वर्षी बोटं दुमडायची. शाळेचे पांढरे कॅनव्हासचे बूट आम्ही सगळ्यांनी असेच वापरले. चर्म संस्थेच्या त्या पाहणीत असंही आढळलं की मुलींच्या पावलाची वाढ अकराव्या वर्षाच्या सुमारास आणि मुलांची पंधरा-सोळाव्या वर्षी सर्वात जोरात असते. त्याच वयात मूल शाळेच्या मैदानावर धावतही असतं. घरात काटकसर करायची असेल तर ती दुसरीकडे करावी.

आता कमानीची गोष्ट, कारण बुटांच्या दुकानात गेलं की तीच आधी निघते. आमच्या घरात कोटा फरशी आहे. न्हाणीतून बाहेर पाऊल टाकलं की त्या हिरवट दगडावर ओला ठसा क्षणभर स्पष्ट उमटतो. तळवा सगळाच्या सगळा उमटला तर पाय सपाट. टाच आणि चवडा यांना जोडणारी पट्टी अगदी चिंचोळी असली तर कमान उंच. सपाट पाऊल आत कलतं, म्हणून त्याला आतल्या बाजूनं कडक टेकू असलेला बूट द्यायचा. उंच कमानीला धक्का पचत नाही, म्हणून तिला मऊ गादीचा. अधल्यामधल्या पायाला अधलामधला. बुटांचा धंदा कित्येक वर्षं या तीन कप्प्यांवर चालला आणि ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण पाऊल आत कलणं हा मुळात रोग नव्हे. जमिनीला टेकल्यावर पाऊल थोडं आत वळतं ते धक्का विरवण्यासाठी. सगळ्या निरोगी पायांत ते होतं, कुणाचं कमी, कुणाचं जास्त.

अमेरिकी लष्करानं ही समजूत तपासायला घेतली. भूदल, हवाई दल आणि मरीन यांच्या नव्या जवानांवर झालेले हे प्रयोग 2009-10 च्या सुमारास प्रसिद्ध झाले. तिन्हींत मिळून सात हजारांच्या आसपास माणसं होती. एका गटाला पावलाच्या ठशाप्रमाणे बूट दिले. दुसऱ्या गटाला ठसा कसाही असो, एकाच प्रकारचे दिले. प्रशिक्षण संपलं तेव्हा दोन्ही गटांच्या दुखापतींत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. 2014 मध्ये डेन्मार्कमधल्या 927 नवशिक्या धावपटूंचा अभ्यास आला. सगळ्यांना टेकू नसलेले साधे बूट दिले आणि वर्षभर नोंद ठेवली. आत कलणाऱ्या पावलांना जास्त दुखापती झाल्या नाहीत. दुसरी बाजूही सांगायला हवी. 2016 मध्ये लक्झेंबर्गच्या 372 धावपटूंच्या प्रयोगात आत कलणाऱ्या पायांना टेकूच्या बुटांचा उपयोग झालेला दिसला. तेव्हा कोटा फरशीवरचा ठसा बघा, आपल्या पायाची ओळख करून घ्या. पण नुसत्या त्या ठशावर चार-पाच हजार रुपयांचा बूट ठरवावा, एवढं बळ त्यात नाही.

मग ठरवायचं कशावर? कॅनडातल्या कॅल्गरी विद्यापीठाच्या बेनो निग यांनी पाऊल आणि बूट यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलं. त्यांच्या गटानं 2001 मध्ये सैनिकांपुढे बुटात घालायच्या निरनिराळ्या तळपट्ट्या ठेवल्या आणि ज्याला जी सुखाची वाटेल ती निवडायला सांगितली. निवडी एकमेकांशी जुळल्या नाहीत. एकाला जी पट्टी नकोशी वाटली, ती दुसऱ्याला आवडली. पण आपापल्या पसंतीची पट्टी घालणाऱ्यांना पट्टी न घेतलेल्यांपेक्षा दुखणी कमी झाली. 2015 मध्ये निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यामागचा विचार मांडला. प्रत्येक शरीराची हालचालीची एक आपली वाट ठरलेली असते. बूट त्या वाटेत आडवा आला की स्नायूंना जादा काम पडतं, आणि ते माणसाला कळतं ते 'बरं वाटत नाही' या रूपानं. या विचाराची अजून बरीच पारख व्हायची आहे. मला तो पटतो, कारण आजोबांच्या कारागिरापासून फाटकाशी ऐकू येणाऱ्या पावलांपर्यंत मी जे पाहत आले, ते सगळं त्यात बसतं.

अडचण आपल्या मनात आहे. बरं वाटणं म्हणजे चैन, असं आपल्यावर लहानपणापासून बिंबलेलं असतं. सोसणं चांगलं, तक्रार करणं वाईट. पायाची तक्रार म्हणजे केवढं मोठं देणं आहे हे ज्यानं दाखवून दिलं, तो माणूस धावण्याच्या जगातला नव्हता. डॉ. पॉल ब्रँड 1946 मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले आणि कुष्ठरुग्णांच्या हातापायांवर काम करू लागले. कुष्ठरोगात बोटं आपोआप झडतात असं तोवर लोक मानत. ब्रँड यांच्या लक्षात आलं की रोग आधी संवेदना मारतो, आणि पुढचं बरंचसं नुकसान वेदना न कळल्यामुळे होतं. धडधाकट माणूस चालताना पावलावरचा भार नकळत इकडून तिकडे हलवत असतो. एका जागी दुखू लागलं की त्याची चाल बदलते, तो लंगडतो. संवेदना गेलेला माणूस लंगडत नाही. तो जखमेवरच भार देत राहतो आणि जखम हाडापर्यंत जाते. अशा पायांसाठी वेल्लोरला सूक्ष्म छिद्रांच्या मऊ रबराची पादत्राणं तयार झाली. आज टाच दुखते म्हटलं की आपल्याकडे कुणीही सुचवतं, 'एमसीआरची चप्पल घ्या.' ते एमसीआर म्हणजे हेच रबर. घराघरांतल्या आज्यांच्या पायांत दिसणाऱ्या त्या निळ्या-काळ्या चपलेच्या मागे दुखणं न कळणाऱ्या माणसांच्या जखमा आहेत.

म्हणून पायाला विचारा हा सल्ला ज्यांना लागू पडत नाही, त्यांच्याबद्दल मी फार गंभीरपणे सांगते. मधुमेह जुना असेल, तळवे बधिर वाटत असतील, मुंग्या येत असतील, चप्पल पायातून निसटली तरी कळत नसेल, तर बरं वाटण्यावर विश्वास ठेवू नका. डॉक्टर नायलॉनच्या बारीक धाग्यानं तळव्याची संवेदना दोन मिनिटांत तपासतात. ती तपासणी आधी, बूट नंतर. आणि रोज रात्री तळवे उजेडात बघायचे, आरशात किंवा घरातल्या कुणाकडून.

धावण्याच्या इतिहासातही पायाचं म्हणणं ऐकण्याच्या गोष्टी आहेत. पहिलं महायुद्ध संपलं त्या सुमारास पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून गेले होते. शेतकरी घरातली मुलं खडबडीत रस्त्यांवरून मैलोगणती अनवाणी धावताना त्यांनी पाहिली. त्यातून 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकला आपला चमू गेला आणि बेळगावचे फडेप्पा चौगुले तिथं मॅरेथॉनमध्ये 19वे आले. पुढे 1960 मध्ये रोमला इथिओपियाचे अबेबे बिकिला यांच्या पायाला नवे बूट बसले नाहीत, तेव्हा ते अनवाणीच धावले आणि 2 तास 15 मिनिटं 16 सेकंदांत विश्वविक्रमासह जिंकले. या गोष्टी सांगून अनवाणी धावण्याचं माहात्म्य गाणारे बरेच भेटतात. पण त्याच बिकिलांनी 1964 मध्ये तोक्योला बूट घालून, अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेनंतर काही आठवड्यांतच, आणखी कमी वेळात मॅरेथॉन जिंकली. पायाला न बसणारा बूट त्यांनी टाकला, बसणारा वापरला. मला यातून एवढंच दिसतं. आपल्या सावरपाड्याच्या कविता राऊतही अनवाणी धावत पुढे आल्या आणि 2010 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये त्यांनी कांस्य मिळवलं. त्या अनवाणीपणाचं कौतुक करताना त्यामागची गरिबी विसरू नये. आदिवासी पाड्यावरच्या मुलीला बूट हवे की नकोत हे ठरवायची मुभा तरी असायला हवी.

मुभेवरून आमच्या काकू आठवल्या. ग्वाल्हेरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या, साठीत रोज भरभर चालायला आणि मग हळूहळू पळायला लागलेल्या. त्यांना घेऊन बुटाच्या दुकानात गेले होते. दुकानातला मुलगा चांगला होता, पण त्यानं बायकांच्या कप्प्यातलाच निमुळता जोड काढला. पायात घालताच काकू म्हणाल्या, "जोडवी रुततात." मुलगा म्हणाला, "आंटी, उतार दीजिए ना." काकूंनी त्याच्याकडे शांतपणे पाहिलं. "बेटा, चालीस साल से नहीं उतारीं. जूता दूसरा दिखाओ." मग पुरुषांच्या कप्प्यातला, चवड्याला रुंद असलेला एक जोड आला. त्यात जोडव्यासकट दुसरं बोट मोकळं राहिलं, पण टाच सुटू लागली. आम्ही लेस सोडली, घोट्याजवळच्या शेवटच्या भोकांतून दोन्ही बाजूंना छोटी कडी केली आणि लेस त्यातून उलटसुलट ओढून बांधली. टाच जागेवर बसली. काकू दुकानाच्या दारापासून गल्ल्यापर्यंत साडी सावरत चार वेळा धावल्या आणि म्हणाल्या, "हे ठीक आहेत गं. आता पायाकडे लक्षच जात नाही." बुटाबद्दल याहून चांगलं मत मी कुणाकडून ऐकलेलं नाही.

बायकांच्या पावलांची चणच निराळी असते. चवड्याच्या मानानं टाच अरुंद असते. तरी बायकांचे बूट म्हणून वर्षानुवर्षं पुरुषांचाच साचा लहान करून, रंग बदलून विकला गेला. काही कंपन्यांनी आता वेगळे साचे केले आहेत, पण आपल्या बाजारात ते सगळीकडे पोचलेले नाहीत. तोवर बाईनं पुरुषांच्या कप्प्यातला बूट मागायला लाजू नये, आणि अरुंद पायाच्या पुरुषानं बायकांचा मागायलाही लाजू नये.

पाऊल झालं, आता चाल. लांब ढांगा टाकणाऱ्याचा पाय गुडघ्याच्या बराच पुढे टेकतो, टाच जोरात बसते आणि तो धक्का गुडघ्याकडे चढतो. ते बूट बदलून सुधारणार नाही. पावलं आखूड आणि थोडी जलद टाकली की फरक पडतो. बुटाची टाच चवड्यापेक्षा किती उंच आहे, हे मात्र चालीशी जुळायला हवं. पूर्वीच्या बहुतेक बुटांत हा फरक दहा-बारा मिलिमीटर असे. आता चार मिलिमीटरचे आणि अगदी सपाटही मिळतात. टाच उंच असली तर गुडघ्याला जास्त काम, टाच खाली असली तर पोटरीला आणि टाचेमागच्या शिरेला जास्त. कुणाचा गुडघा कुरकुरतो, कुणाची पोटरी ओढली जाते. आपलं कुठलं दुखणं जुनं आहे ते आठवून जोड उचलावा. उंच टाचेची सवय असलेल्यानं एकदम सपाट बुटात लांब पल्ला पळू नये.

आमच्या भागातले रस्तेही विचारात घ्यावे लागतात. भेलच्या वसाहतीतले झाडांखालचे डांबरी रस्ते, सोनागिरीच्या गल्ल्यांतलं टणक सिमेंट, जंबूरी मैदानाची काळी माती. पावसाळ्यात ती माती तळाला अशी चिकटते की बूट जड होऊन जातो, आणि सुकली की तिच्या ढेकळांवर घोटा मुरगळतो. सिमेंटवर पळणाऱ्याला तळाशी थोडी गादी हवीच. मातीत पळणाऱ्याला खोल खाचांचा, पण फार जाड नसलेला तळ बरा. जाड तळावर घोटा डगमगतो. पावसात भिजलेले बूट उन्हात तापवू नका, डिंक सुटतो आणि फेस कडक होतो. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली ठेवा. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरनंतर मधला फेस दबून जातो, वरून बूट नवा दिसत असला तरी. तो कधी संपला हे तळव्यालाच आधी कळतं.

महागड्या, कार्बनची पट्टी घातलेल्या, उड्या मारणाऱ्या फेसाच्या बुटांबद्दल हल्ली फार विचारणा होते. 2017 पासून त्या बुटांनी विक्रम बदलले हे खरं, आणि जागतिक अॅथलेटिक्सला रस्त्यावरच्या शर्यतींसाठी तळाची जाडी 40 मिलिमीटरवर रोखावी लागली हेही खरं. ते स्पर्धकांचं हत्यार आहे. रोज सकाळी तब्येतीसाठी तासभर पळणाऱ्या माणसाला त्याची गरज नाही. ते पैसे वाचवा आणि दोन साधे, वेगवेगळे जोड आलटून पालटून वापरा.

तर बूट घ्यायला संध्याकाळी जा, दिवसभरात पाय थोडा फुगलेला असतो. ज्या मोज्यांत पळता तेच घालून जा. दोन्ही पायांत घाला आणि उभे राहा. सर्वात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याच्या नखाएवढी जागा असू द्या. बोटं आत हलवून पाहा. मग पळा, दुकानात नाहीतर दुकानाबाहेर, आणि कुठं काही बोचलं, दाबलं, घसरलं तर तो जोड परत ठेवा. घालता घालता सैल होईल असं विकणारा म्हणाला तरी ठेवा. दोन-तीन जोड पाहिल्यावर एकात पाय गप्प होतो. तोच घ्या, मग त्यावर नाव कुणाचंही असो.

आणि बूट बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. दुकानात गिऱ्हाइकाला दहा पावलं पळता येतील एवढी जागा मोकळी सोडा, आणि लांबीबरोबर रुंदीचीही मापं ठेवा. आमचे पाय रुंद आहेत, आणि ते एक लाखाहून जास्त माणसांच्या पावलांवरून मोजून झालेलं आहे.